मूळ प्रत समोर ठेवून

सोलापुरात हिराचंद नेमचंद हे नाव बहुतेकांना वाणिज्य महाविद्यालयामुळे ठाऊक असतं. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे ते वडील, हेही बऱ्याच जणांना माहीत असतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या सोलापूरकर शेठजींनी एका पोथीसाठी जी धडपड केली, ती फारशी सांगितली जात नाही.

ती पोथी कर्नाटकात मूडबिद्रीला होती. जुन्या कन्नड लिपीत लिहिलेली ताडपत्रं. त्यांवर ‘षट्खंडागम’ हा दिगंबर जैनांचा प्राचीन प्राकृत ग्रंथ आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची ‘धवला’ ही टीका होती. भाविक पोथीचं दर्शन घेत, वाचायला ती मिळत नसे. ताडपत्रं जीर्ण होत चालली होती. हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी पुढाकार घेतला आणि नक्कल उतरवण्याचं काम सुरू झालं. ते कित्येक वर्षं चाललं. कन्नडात नक्कल झाली, नागरीत झाली, नकलेवरून नकला झाल्या आणि त्या अमरावती, कारंजा, बिहारमधलं आरा अशा ठिकाणी पोचल्या.

१९३९ साली अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी या ग्रंथाचा पहिला खंड छापला. त्यांच्यासमोर मूळ ताडपत्रं नव्हती, वेगवेगळ्या गावच्या नकला होत्या. त्या शब्दाशब्दाने ताडून पाहत काम चाललं असताना ९३व्या सूत्रापाशी संपादक थबकले. अर्थ नीट लागत नव्हता. तिथे ‘संजद’, म्हणजे ‘संयत’, हा तीन अक्षरांचा शब्द असायला हवा, असं त्यांना वाटलं. पण हाताशी असलेल्या एकाही नकलेत तो नव्हता. त्यांनी सूत्र जसं मिळालं तसंच छापलं आणि तळटीपेत नोंद केली की इथे ‘संजद’ हा शब्द राहून गेलेला दिसतो. त्या एका शब्दावर सिद्धान्तातला एक नाजूक मुद्दा अवलंबून असल्याने पुढे मोठा वाद झाला. नंतर मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहायला मिळाला, तेव्हा तो शब्द तिथे सापडला.

त्या जागी आधी ‘संजदासंजद’ असा शब्द आहे आणि लगेच ‘संजद’. सारखे शब्द लागोपाठ आले की नकलकाराची नजर एकावरून दुसऱ्यावर घसरते आणि मधला मजकूर गळतो. एकदा गळला की पुढच्या सगळ्या नकलांत तो गळलेलाच राहतो. तीन गावच्या तीन प्रती एकच गोष्ट सांगत असल्या, तरी त्या एकाच नकलेच्या लेकी असतील तर साक्षीदार तीन नसतात, एकच असतो.

आज दोन फायली शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवणारी आणि दोन्हींचा मेळ घालून तिसरी फाइल तयार करणारी साधनं कुठल्याही संगणकावर मिळतात, त्यांतली कित्येक फुकट. हे प्रकरण त्यांच्याविषयी आहे. पण बटणांच्या आधी ‘संजद’ची गोष्ट सांगितली, कारण या साधनांचं सगळं बळ आणि सगळी मर्यादा तिच्यात आहे. दोन प्रतींतला फरक यंत्र क्षणात दाखवतं. त्यातलं खरं कोणतं, हे ठरवायला मूळ प्रत लागते आणि वाचणारा माणूस लागतो.

कागदावरचा तक्ता

ताडून पाहण्याची आपली परंपरा जुनी आहे. मोडी दप्तरांत नक्कल मूळ कागदाशी पडताळण्याला ‘रुजवात’ म्हणत, आणि ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ हा शेरा म्हणजे नक्कल मुळाप्रमाणे असल्याची ग्वाही असे. जुन्या छापखान्यांत एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचे आणि मुद्रितशोधक प्रुफावर खुणा करी. ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’, ‘नवा परिच्छेद’ हेही उच्चारून वाचलं जाई. दोन डोळ्यांना दोन कागद एकाच वेळी वाचता येत नाहीत, म्हणून एका कागदासाठी कान वापरायचे.

या कामाचा सर्वांत भव्य नमुना पुण्यात घडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि १९६६ साली ते पुरं केलं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं त्यासाठी पाहिली गेली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक होते. केंब्रिजला गणित शिकून मग संस्कृतकडे वळलेला हा माणूस, आणि त्यांच्या खात्यातला पोथ्या ताडण्याचा तक्ता पाहिला की गणिती शिस्त जाणवते.

प्रत्येक श्लोकासाठी आखीव तक्ता असे. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक, एका घरात एक अक्षर. डाव्या समासात पोथ्यांच्या खुणा, एका पोथीला एक ओळ. पोथीतलं अक्षर वेगळं असेल तर ते त्या ओळीत, नेमक्या त्याच अक्षराच्या खाली लिहायचं. उजवीकडे शेऱ्यांसाठी जागा. एखाद्या पोथीत श्लोकच जास्तीचे असले तर ते वेगळ्या कागदावर लिहून तक्त्याला जोडायचे. त्या कागदाला ‘शोधपत्र’ म्हणत. एका भागासाठी किमान दहा पोथ्या, काही ठिकाणी वीस, तीस, चाळीससुद्धा. अनुष्टुभ श्लोकात अक्षरं ३२. दहा पोथ्या म्हणजे एका श्लोकासाठी ३२० घरं झाली.

आज पडद्यावर दिसणाऱ्या साधनाची सगळी अंगं या कागदी तक्त्यात होती. मजकूर अक्षराखाली अक्षर जुळवणं होतं, फरक तेवढाच नजरेत आणणं होतं, जास्तीच्या मजकुराला वेगळी जागा होती. आणखीही एक गोष्ट होती. छापील आवृत्तीत जिथे संपादकांची पुरती खात्री नव्हती, त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली गेली. इथे निवड केली आहे, पण ती वादातीत नाही, हे वाचकाला प्रामाणिकपणे सांगणारी ती रेघ.

यंत्र फरक कसा शोधतं

संगणकावर हे काम १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आकाराला आलं. डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी युनिक्स प्रणालीसाठी केलेला ‘डिफ’ हा कार्यक्रम १९७४ सालच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला, आणि त्यामागची रीत सांगणारा अहवाल १९७६ साली आला.

फरक शोधणं सोपं वाटतं. पहिली ओळ पहिलीशी, दुसरी दुसरीशी ताडायची आणि वेगळी निघाली तर सांगायचं. ही रीत का फसते, ते सोलापूरच्याच उदाहरणाने पाहू. समजा, सिद्धेश्वर यात्रेच्या स्मरणिकेसाठी कार्यक्रमांची यादी केली आहे:

तैलाभिषेक
अक्षता सोहळा
होमप्रदीपन
शोभेचं दारूकाम
कप्पडकळी

दुसऱ्या कार्यकर्त्याने तीच फाइल घेऊन अगदी वर ‘नंदीध्वज पूजन’ ही एक ओळ घातली. बाकी काही केलं नाही. आता ओळीला ओळ लावली तर ‘तैलाभिषेक’समोर ‘नंदीध्वज पूजन’ येतं, ‘अक्षता सोहळा’समोर ‘तैलाभिषेक’ येतं, आणि शेवटपर्यंत एकही ओळ जुळत नाही. बदल एका ओळीचा, पण सगळी यादीच बदलली असा निष्कर्ष निघतो.

मॅकिलरॉय आणि हंट यांनी प्रश्न उलटा विचारला. वेगळं काय आहे ते नंतर पाहू, आधी सारखं काय आहे? दोन्ही फायलींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची जास्तीत जास्त लांब मालिका शोधायची, मधे इतर ओळी आल्या तरी चालेल. आपल्या उदाहरणात ती पाच ओळींची निघते. ती बाजूला काढली की डाव्या फायलीत काही उरत नाही आणि उजव्या फायलीत ‘नंदीध्वज पूजन’ उरतं. डावीकडे उरेल ते गेलेलं, उजवीकडे उरेल ते आलेलं.

ही मालिका शोधायची सरळ रीत म्हणजे पुन्हा एक तक्ता. एका फायलीच्या ओळी आडव्या, दुसरीच्या उभ्या, आणि प्रत्येक घरात ‘इथवर किती ओळी जुळल्या’ याचा आकडा. हजार हजार ओळींच्या दोन फायली असतील तर दहा लाख घरं. ‘डिफ’ करणाऱ्यांनी या तक्त्यातली बरीचशी घरं टाळण्याच्या युक्त्या काढल्या. युजीन मायर्स यांनी १९८६ साली याहून चपळ रीत मांडली. फरक जितके थोडे, तितकं तिचं काम थोडं. आपण ताडतो त्या फायली बहुधा जवळजवळ सारख्याच असतात, म्हणून ही रीत फार उपयोगी पडली. प्रोग्रामर मंडळी आज सर्रास वापरतात ते ‘गिट’ अजूनही मुळात तीच रीत वापरतं.

यात एक खोच आहे, ती ध्यानात ठेवावी. यंत्र सांगतं ती कमीत कमी बदलांची कहाणी असते. प्रत्यक्षात माणसाने काय केलं, हे त्याला माहीत नसतं. तुम्ही ‘कप्पडकळी’ ही ओळ उचलून वर नेली, तर बहुतेक साधनं ‘इथली ओळ गेली, तिथे नवी ओळ आली’ असं दाखवतात. हलवल्याचं तुम्हाला कळतं, कारण ते तुमच्या मनात आहे. फायलीत ते नाही.

शेजारी शेजारी दोन खिडक्या

जुना ‘डिफ’ आपलं उत्तर आकडे, अक्षरं आणि बाणांच्या खुणांत देई. प्रोग्रामरला ते पुरत असे. इतरांना ते उलगडेना, म्हणून चित्ररूप साधनं आली. विंडोजवर ‘विनमर्ज’, लिनक्सवर ‘मेल्ड’, दोन्हीकडे चालणारं ‘केडिफ३’. ही तिन्ही विनामूल्य आणि मुक्तस्रोत आहेत. ‘बियाँड कम्पेअर’ हे १९९६ सालापासून चालत आलेलं विकतचं साधन. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’खाली ‘कम्पेअर’ आहे, लिबरऑफिसमध्येही तशी सोय आहे.

यांची मांडणी थोड्याफार फरकाने सारखी. डावीकडे एक फाइल, उजवीकडे दुसरी. सारख्या ओळी साध्या, फरकाच्या ओळी रंगीत. ओळीतला नेमका शब्द बदलला असेल तर तेवढा शब्द अधिक गडद. मेल्डमध्ये दोन खिडक्यांच्या मधल्या पट्टीत डावीकडच्या उताऱ्यापासून उजवीकडच्या उताऱ्यापर्यंत एक वळणदार रंगीत पट्टा जातो. कोणता मजकूर कुठे वाढला, हे त्याच्याकडे पाहूनच कळतं. एका कडेला अख्ख्या फायलीचा अरुंद नकाशा असतो, त्यावर फरकांच्या जागी रंगीत रेघा. दोनशे पानांच्या मजकुरात बदल कुठे दाटले आहेत, ते त्यावरून एका नजरेत दिसतं.

हातही लवकर बसतो. विनमर्ज आणि मेल्ड दोन्हींत ऑल्ट दाबून खालचा बाण दाबला की पुढचा फरक समोर येतो. ऑल्ट आणि उजवा बाण दाबला की डावीकडचा मजकूर उजवीकडे जातो. एकेक फरक समोर येतो, तुम्ही वाचता, ठरवता आणि पुढे जाता. सुखठणकरांच्या खात्यात जे एका तक्त्यावर लिहून काढलं जाई, ते इथे दोन बोटांवर आलं आहे. वाचून ठरवण्याचं काम मात्र तेवढंच उरलं आहे.

तिसरी प्रत

आता खरा पेच. समजा, स्मरणिकेच्या तुमच्या प्रतीत ‘स्वागत कक्ष सकाळी ८ वाजता उघडेल’ असं आहे आणि सहकाऱ्याच्या प्रतीत ‘सकाळी ९ वाजता’. साधन दोन्ही ओळी रंगवून दाखवेल. पण बरोबर वेळ कोणती? तुम्ही ९ चे ८ केले, की त्याने ८ चे ९ केले? दोनच प्रती समोर असतील तर हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता दोघांनी जिच्यापासून काम सुरू केलं ती मूळ फाइल तिसऱ्या खिडकीत उघडा. तिच्यात ९ असेल तर उत्तर मिळालं. सहकाऱ्याने या ओळीला हातच लावलेला नाही. बदल तुमचा आहे, तो घ्यावा. हेच काम त्रिपक्षी मेळ घालणारी साधनं आपोआप करतात. एकाच बाजूने बदल असेल तर तो स्वीकारायचा. दोन्ही बाजूंनी एकच बदल केला असेल तर तोही स्वीकारायचा. मुळात ९, तुमच्याकडे ८ आणि त्याच्याकडे १० असेल, तर मात्र थांबायचं आणि माणसाला विचारायचं. प्रोग्रामर याला ‘कॉन्फ्लिक्ट आला’ म्हणतात. गिट अशा जागी सात डाव्या बाणखुणा, सात बरोबरच्या खुणा आणि सात उजव्या बाणखुणा टाकून दोन्ही पाठ फायलीतच एकाखाली एक लिहून ठेवतं. भांडारकर आवृत्तीतल्या नागमोडी रेघेची ही आजची बहीण म्हणावी. फरक एवढाच की रेघ छापील पुस्तकात कायम राहते, आणि या खुणा निर्णय झाल्यावर पुसायच्या असतात.

केडिफ३मध्ये वर तीन खिडक्या असतात, ए, बी आणि सी, आणि खाली चौथ्या खिडकीत तयार होणारी फाइल. वादाच्या जागी कोणत्या खिडकीचा पाठ घ्यायचा ते बटणाने निवडायचं. मेल्डमध्येही तीन खिडक्या उघडतात. विनमर्जमध्ये २.१६ या आवृत्तीपासून तीन फायली ताडता येतात.

तिसऱ्या प्रतीची सगळ्यात जास्त गरज लागते ती ओळ एकीकडे असते आणि दुसरीकडे नसते तेव्हा. तुम्ही ती घातली, की त्याने ती काढली? पोथ्यांच्या अभ्यासात हाच प्रश्न शतकानुशतकं विचारला गेला आहे. एका पोथीत ओवी आहे, दुसरीत नाही. मग तो मागून घुसडलेला प्रक्षेप मानायचा, की नकलकाराच्या हातून झालेली गळ? ‘संजद’ची लढाई याच प्रश्नावर होती. ती तर्काने सुरू झाली, पण तिचा निकाल लागला तो मूळ ताडपत्र पाहून.

ज्ञानेश्वरीचं उदाहरण इथे आठवतं. शके १५०६ म्हणजे इ.स. १५८४ मध्ये एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पाहून ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात आपल्या ओव्या मिसळू नयेत, असं बजावलं. महाराष्ट्राच्या घरोघरी ज्ञानेश्वरी सुरक्षित पोचली, त्यात या कामाचा वाटा फार मोठा आहे. पण नाथांनी कोणत्या प्रती घेतल्या, कुठे कोणता पाठ ठेवला आणि कोणता सोडला, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. म्हणून १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडच्या पाटांगणावर मिळालेली, आपल्या मते नाथांच्या आधीची असलेली पोथी छापली, तेव्हा अभ्यासकांना पुन्हा मुळापासून ताडणं भाग पडलं. भांडारकर आवृत्तीत प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेद छापले आहेत. ज्याला संपादकांची निवड पटत नाही, त्याला ती तपासता येते. मेळ घालताना काय सोडलं, याची नोंद ठेवणं हे मेळ घालण्याइतकंच मोलाचं काम आहे. गिटसारख्या साधनांचं खरं देणंही हेच आहे. ती प्रत्येक टप्प्याची प्रत आणि कुणी काय बदललं याचा माग जपतात, त्यामुळे तिसरी खिडकी कधी रिकामी राहत नाही.

मराठी फायलींच्या अडचणी

ही साधनं इंग्रजीत, मुख्यतः प्रोग्रामसाठी घडली. मराठी मजकूर ताडताना काही अडचणी हमखास येतात. त्या आधीच माहीत असाव्यात.

पहिली ओळीची. प्रोग्राममध्ये ओळ आखूड असते. मराठी लेखात एक परिच्छेद म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एकच लांबलचक ओळ. त्यात एक वेलांटी बदलली तरी अख्खा परिच्छेद रंगतो. शब्दपातळीवरचा फरक दाखवण्याची सोय चालू ठेवावी. महत्त्वाचा मसुदा असेल तर ताडण्यापुरतं प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर घ्यावं.

दुसरी न दिसणारी. ‘ॲप’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एका प्रकारात युनिकोडने २००८ साली दिलेलं स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात ‘अ’वर चंद्र जोडलेला असतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा ‘र’ही दोन तऱ्हांनी साठवता येतो, आणि त्यांतल्या एकीत डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला मात्र वेगळे. दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसत असूनही रंगल्या तर घोटाळा बहुधा इथे असतो. ताडण्याआधी शोधा-बदला करून दोन्ही फायलींत एकच पद्धत आणावी.

तिसरी जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फायलींत अक्षरं त्या त्या फॉन्टच्या खासगी संकेतांत साठवलेली असतात. अशी फाइल आणि युनिकोडमधली फाइल शेजारी ठेवली तर एकही ओळ जुळणार नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग ताडणी. आणि रूपांतरात जोडाक्षरं बिघडतात, म्हणून रूपांतरित मजकूर एकदा छापील प्रतीशीही पाहून घ्यावा.

चौथी लेखनाच्या नियमांची, आणि ती सर्वांत नाजूक. १९६२ साली मराठी लेखनाचे नियम बदलले आणि जुने अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘नांव’चं ‘नाव’ झालं, ‘घरांत’चं ‘घरात’ झालं. जुन्या पुस्तकाची आजच्या आवृत्तीशी ताडणी केली की पानभर अनुस्वारांचेच रंग दिसतात आणि खरे बदल त्यांत बुडतात. मेल्डमध्ये ठरावीक मजकुराकडे दुर्लक्ष करायला लावणारी गाळणी आहे. तिच्यात अनुस्वार घातला की हा गोंगाट शांत होतो. पण सावध राहावं. जुन्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे एका घरात. आजच्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. अनुस्वार सरसकट गाळला तर एका घराची अनेक घरं झालेली यंत्र दाखवणार नाही. म्हणून दोनदा ताडावं, एकदा गाळणी लावून आणि एकदा काढून.

मेळ बसला म्हणजे काम झालं नाही

एका सापळ्याकडे नवशिक्यांचं दुर्लक्ष होतं. साधनाने एकही वाद न दाखवता फाइल जोडली, म्हणजे ती बरोबरच झाली असं नाही. समजा, तुम्ही यादीत स्वागत कक्षाची वेळ ९ ची ८ केली. त्याच वेळी सहकाऱ्याने शेवटच्या पानावर नवा परिच्छेद लिहिला, ‘कक्ष ९ वाजता उघडत असल्याने स्वयंसेवकांनी साडेआठला यावं’. बदल दोन वेगळ्या जागी आहेत. यंत्राला वाद दिसत नाही, ते दोन्ही घेतं. छापून येतं तेव्हा पाहुणे आठला दारात असतात आणि स्वयंसेवक अजून घरी. यंत्र ओळी जुळवतं, अर्थ जुळवत नाही. म्हणून जोडलेली फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा माणसाने वाचलीच पाहिजे. गृहनिर्माण संस्थेचे पोटनियम असोत, करारनामा असो की अभ्यासक्रमाचा मसुदा असो, ही पायरी वगळू नये.

सोलापूरने हे काम किती मनापासून केलं, ते सांगून प्रकरण संपवतो. १९४१ साली सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी विद्वानांना नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री बोलावून जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन केला आणि त्यासाठी ३०,००० रुपये जाहीर केले. १९४४ साली त्यांनी आपली सुमारे दोन लाखांची सगळी मालमत्ता संघाच्या हवाली केली. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेतला पहिला ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ति’. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातले डॉ. आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांनी तो हस्तलिखितं ताडून संपादला, आणि १९४३ व १९५१ साली तो दोन भागांत निघाला. ज्या षट्खंडागमाच्या नकलेसाठी हिराचंद नेमचंद झटले, त्याची सुधारित आवृत्तीही पुढे याच सोलापूरच्या संघाने काढली. एक पाठ शुद्ध व्हावा म्हणून या माणसांनी पैसा, वर्षं आणि डोळे खर्ची घातले.

आपल्याला त्यातलं फारसं काही खर्चायचं नाही. साधन फुकट आहे आणि ताडायला क्षण लागतो. पण ‘अंतिम’, ‘अंतिम-नवीन’, ‘अंतिम-नवीन-२’ अशा फायलींच्या ढिगात मूळ कोणती हेच हरवलं, तर कुठलंही साधन आपल्याला वाचवू शकणार नाही. म्हणून एवढंच करा. कुठलाही मसुदा दुसऱ्याच्या हाती देण्याआधी त्याची एक प्रत तारीख घालून बाजूला ठेवा आणि तिला कुणीही, तुम्हीसुद्धा, हात लावू नका. पुढे वाद पडला, तर निकाल तीच देईल.